मुसाफिराच्या गावी

पियाला हातात आला तेव्हा त्यात जेमतेम दोन घोट चहा होता. बिनदुधाचा, फिकट हिरवा. मी बहिणीच्या पियाल्यात डोकावून पाहिलं, तिच्याकडेही तेवढाच. समोर किटली भरलेली, तोटीतून वाफ निघतेय, आणि यजमानीणबाई हसऱ्या चेहऱ्याने आमच्याकडे बघतायत. मराठवाड्यात पाहुण्याला असा तळाला चहा दिला तर तो पुढची दहा वर्षं विसरणार नाही. मी ते दोन घोट घेतले, तशी बाईंनी पियाला मागून घेतला आणि पुन्हा दोन घोट ओतले. मग पुन्हा. सात-आठ वेळा हे झालं. शेवटी मीच पियाल्यावर हात ठेवला.

समरकंदमधलं आमचं ते पहिलं घर. चहाचा अर्थ दोन दिवसांनी कळला. उझबेक घरात पाहुण्याचा मान जितका मोठा, तितका त्याच्या पियाल्यात चहा कमी. थोडा ओतला की तो गरम राहतो आणि यजमानाला पुन्हा पुन्हा वाढायला मिळतं. पियाला काठोकाठ भरून पुढे आला, तर समजायचं की आता बैठक आटोपती घ्यायला हरकत नाही. हे ऐकलं आणि त्या बाईंबद्दल मनात क्षणभर जे आलं होतं त्याची फार लाज वाटली. त्यांनी आमचा आठ वेळा मान केला होता.

बारा दिवस उझबेकिस्तानात राहून आल्यापासून ओळखीची माणसं विचारतात, व्हिसा कसा काढला, शाकाहारी मिळतं का, दोघी बायकाच गेलात तर भीती नाही वाटली का. त्याची उत्तरं सोपी आहेत, पुढे देते. पण त्या देशात जाताना खरी तयारी करावी लागते ती पाहुणी होण्याची. आपण यजमानपण लहानपणापासून शिकतो. पाहुणं कसं व्हायचं हे आपल्याला कुणी वेगळं शिकवलेलं नसतं.

मी तिथे का गेले, ते आधी सांगायला हवं. माझं लहानपण औरंगाबादेत गेलं, आताच्या छत्रपती संभाजीनगरात. रविवारी वडील आम्हा दोघींना पाणचक्कीवर न्यायचे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलेलं, ते उंचावरून पडद्यासारखं हौदात पडतं. त्याच पाण्यावर चालणाऱ्या जात्यावर एके काळी फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जाई. हौदात मासे, काठावर थोरला वड, आणि एका अंगाला बाबा शाह मुसाफिर यांची कबर. लहानपणी ‘मुसाफिर’ हे आडनाव असावं असंच वाटायचं. पुढे वाचताना कळलं की बाबा मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हे दोघेही बुखाऱ्याजवळच्या गिजदुवान नावाच्या गावाकडचे, नक्शबंदी पंथाचे सूफी. औरंगजेबाच्या दख्खनच्या फौजेत मध्य आशियातून आलेले ‘तुरानी’ शिपाई पुष्कळ होते, आणि या फकिरांभोवती त्यांचीच गर्दी असे. त्या फौजा मराठ्यांशी लढत होत्या, हे मी विसरलेले नाही. तरीही आमच्या शहरातलं सगळ्यात गार ठिकाण ज्याच्या नावाने आहे, तो माणूस इतक्या लांबून आला आणि परत गेला नाही, ही गोष्ट मनात राहिली. त्याचं गाव बघायचं होतं. बस, एवढंच.

आता व्यवहाराचं पटापट सांगते. दिल्लीहून ताश्कंद तीनेक तासांचं विमान. भारतीयांना व्हिसा ऑनलाइन मिळतो. हॉटेलवाले आपली सरकारदरबारी नोंद करतात आणि चिठ्ठी देतात, ती देश सोडेपर्यंत जपून ठेवायची. ड्रोन नेऊ नका, त्याला बंदी आहे. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या सोबत असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवीच, कारण औषधांच्या बाबतीत तिथले कायदे कडक आहेत. पैशाचं नाव ‘सोम’ आणि हिशेब हजार-लाखांत, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक नोटेवरची शून्यं मोजावी लागतात. डॉलर न्याल तर कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटा न्या. ताश्कंद, समरकंद, बुखारा या तिन्ही शहरांना ‘अफ्रोसियोब’ ही वेगवान गाडी जोडते. ताश्कंदहून समरकंदला दोन तासांच्या थोडं वर लागतात, तिकिटं मात्र लवकर संपतात. उन्हाळ्यात जाऊ नका. जूनअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच्या चाळीस दिवसांच्या काहिलीला तिथे ‘चिल्ला’ म्हणतात, आणि ती माणसंसुद्धा दुपारी बाहेर पडत नाहीत. आम्ही सप्टेंबरात गेलो. खरबुजांचे ढीग, द्राक्षं, अंजीर, आणि संध्याकाळी अंगावर हलकी शाल.

ताश्कंदला एक दिवस ठेवावाच. १९६६च्या जानेवारीत करारावर सही केल्यानंतर काही तासांतच लालबहादूर शास्त्री गेले ते याच शहरात. तिथे त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. आम्ही फुलं घेऊन गेलो तर रस्ता झाडणारी बाई हातातला झाडू बाजूला ठेवून उभी राहिली. तिला ते कोण होते हे नीट माहीत होतं की नाही, कोण जाणे. कुणीतरी परदेशातून फुलं घेऊन आलंय, तर उभं राहायचं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंपाने जुनं ताश्कंद जमीनदोस्त झालं, म्हणून शहर रुंद, मोकळं आणि सोव्हिएत वळणाचं दिसतं. मेट्रो १९७७ची. स्टेशनांमधल्या झुंबरांचे, नक्षीचे फोटो काढायला २०१८पर्यंत मनाई होती, आता काढू देतात. पोलीस, सैनिक, विमानतळ यांच्याकडे मात्र कॅमेरा वळवू नये.

भेटल्यावर उजवा हात छातीवर, हृदयाशी, आणि मान किंचित झुकवून ‘अस्सलोमु अलयकुम’. लहानाने मोठ्याला आधी म्हणायचं. पुरुष पुरुषांशी हात मिळवतात. बाईने आपणहून हात पुढे केला तरच पुरुषाने हात मिळवावा, नाहीतर छातीवरचा हात पुरेसा. ही खूण मला इतकी आवडली की परत आल्यावरही हात आपोआप तिथे जातो. बसमध्ये कुणी जागा दिली, दुकानदाराने सुटे पैसे दिले, रस्ता ओलांडताना गाडीवाला थांबला, सगळ्याला हीच खूण. मग प्रश्नांची सरबत्ती: बरे आहात ना, घरी सगळे ठीक ना, मुलं बरी ना, दमला नाहीत ना. हे प्रश्न इतके भराभर येतात की उत्तर द्यायला फट नसते. समोरच्याने तसेच प्रश्न उलट विचारायचे, दोघांचे प्रश्न एकमेकांवर पडत राहतात. वय किती, नवरा काय करतो, मुलं किती, हेही विचारतात. त्यात खवचटपणा नाही. आपल्या एसटीत शेजारी बसलेली म्हातारी जसं विचारते, तसंच.

मोठ्या पुरुषाला ‘अका’, मोठ्या बाईला ‘ओपा’ म्हणायचं. आपल्याकडे अक्का म्हणजे थोरली बहीण, तिथे अका म्हणजे थोरला भाऊ. माझी बहीण मला घरी अक्का म्हणते. पहिल्या दिवशी तिने मला बाजारात मोठ्याने हाक मारली, तर चार फळवाले वळून बघायला लागले.

शब्दांचं हे नातं पावलोपावली भेटतं. बाजार ‘बोझोर’, मैदान ‘मैदोन’, दुकान ‘दुकोन’, पाहुणा ‘मेहमोन’, हौद ‘हौझ’. आपल्या मराठीतही हे शब्द फारसीच्या वाटेने आले, त्यांच्याकडेही. एक शब्द मात्र फसवतो. ‘सब्झी’ म्हणजे तिथे गाजर. बहीण पूर्ण शाकाहारी. तिने समरकंदच्या खानावळीत आत्मविश्वासाने सब्झी मागितली आणि वाटीभर किसलेलं गाजर आलं. शाकाहाऱ्यांनी ‘गोश्तसिझ’ हा शब्द पाठ करावा, म्हणजे बिनमांसाचं. तेवढ्यावर थांबू नये, कारण मांसाच्या रश्श्यात शिजवलेल्या भाजीला तिथे कुणी मांस समजत नाही. रस्सा कशाचा, तेही विचारावं. भोपळ्याचा सोम्सा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, घट्ट दही, फळं, सुकामेवा आणि नोन, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी, यावर तिने बारा दिवस आनंदात काढले. कुणी घरी बोलावलं तर शाकाहाराचं आदल्या दिवशीच सांगा. पाहुणा येणार म्हणून सकाळपासून चुलीवर कढई चढते. तांदूळ, पिवळं गाजर, मटण, जिरं, किसमिस यांचा ओश, ज्याला बाकीचं जग प्लोव्ह म्हणतं. तो ताटात वाढल्यावर ‘आम्ही खात नाही’ म्हणणं म्हणजे त्या घराची सकाळ वाया घालवणं. रमजानात गेलात तर हॉटेलात खायला मिळतं, पण रस्त्यावर उघड खाणंपिणं टाळावं.

कपड्यांबद्दल इथे निघण्याआधी आम्हाला फार भीती घातली गेली होती. प्रत्यक्षात ताश्कंदच्या रस्त्यांवर मुली जीन्समध्येही दिसतात आणि डोकं झाकलेल्याही, दोघी एकत्र आइस्क्रीम खातात. दुकानात व्होडका विकतात. सत्तर वर्षांच्या सोव्हिएत राजवटीत बहुतेक मशिदी आणि मदरसे बंद पडले, आणि श्रद्धा घरात, स्वयंपाकघरात, आजीच्या ओठांत टिकली. बुखाऱ्याचा मीर-ए-अरब मदरसा १९४०च्या दशकात पुन्हा उघडला, तेव्हा अख्ख्या सोव्हिएत संघात तसं शिक्षण देणारी जागा दुसरी जवळपास नव्हतीच. त्यामुळे कुणाच्या टोपीवरून किंवा ग्लासवरून त्याचा धर्म मोजू नये. मशिदीत आणि मजारीवर मात्र खांदे, गुडघे झाकलेले हवेत, बायकांच्या डोक्यावर रुमाल हवा, पादत्राणं बाहेर. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नये.

समरकंदच्या शाह-ए-झिंदाला हे सगळं पाळूनही माझं चुकलं. निळ्या फरशांच्या त्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना कबरींची दालनं आहेत. एका दालनात बायका बाकावर बसल्या होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ हलक्या सुरात पठण करत होते. मी दारात उभी राहून छत बघत राहिले, मान वर करून. आतल्या एका बाईने काही न बोलता बाकावर सरकून जागा केली. तेव्हा उमगलं की पठण चालू असताना उभं राहायचं नसतं. बसले. पठण संपलं, सगळ्यांनी तळवे उघडून चेहऱ्यासमोर धरले आणि चेहऱ्यावरून खाली फिरवले, मीही फिरवले. मी कोण, कुठल्या धर्माची, कुणी विचारलं नाही.

तैमूरबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. तिथे जाणाऱ्या प्रत्येक भारतीयासमोर हा प्रसंग येतोच. ताश्कंदच्या मध्यावर, जिथे पूर्वी मार्क्स होता, तिथे आता घोड्यावर बसलेला अमीर तैमूर आहे. तो त्यांचा राष्ट्रपुरुष. आपल्यासाठी तो म्हणजे १३९८ साली त्याने लुटलेली दिल्ली. समरकंदची बीबी खानम मशीद त्याने पुढच्याच वर्षी बांधायला घेतली आणि हिंदुस्तानातून नेलेल्या हत्तींनी तिचे दगड ओढले, असं त्या काळच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. त्या मशिदीच्या प्रचंड कमानीखाली मी उभी होते आणि मला हत्तींशिवाय काही दिसत नव्हतं. आमचा टॅक्सीवाला, पन्नाशीचा सज्जन माणूस, कौतुकाने म्हणाला, ‘बघा, आमचा तैमूर!’ काय बोलायचं? त्याच्या अंगणात वाद घालायला मी आले नव्हते, आणि खोटं ‘वा वा’ माझ्या तोंडून निघालं नसतं. मी म्हटलं, ‘आमच्या शाळेत ही गोष्ट दुसऱ्या बाजूने शिकवतात, दिल्लीच्या बाजूने.’ तो गप्प झाला. मग छातीवर हात ठेवून मान झुकवली. पुढे रस्त्यात गाडी थांबवून त्याने खरबूज घेतलं आणि आम्हाला पैसे देऊ दिले नाहीत. मला वाटतं, पाहुण्याने खोटं बोलू नये आणि भांडूही नये. या दोहोंच्या मधे एक चिंचोळी वाट असते, ती शोधायचे कष्ट घ्यावेत.

बुखाऱ्यात मी सगळ्यात जास्त वेळ बसले ती ल्याबी-हौझच्या काठावर. नावाचा अर्थच ‘हौदाकाठी’. १६२०च्या सुमाराचा दगडी पायऱ्यांचा हौद, भोवती जुनी तुतीची झाडं. एके काळी या शहरात असे कितीतरी हौद होते. भिस्ती कातडी पखालींतून त्यांचंच पाणी घरोघर पोचवायचे. त्याच पाण्यातून एक रोग पसरायचा, ज्याला बुखारी लोक ‘रिश्ता’ म्हणत, म्हणजे दोरा. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येई आणि हकीम तो काडीवर गुंडाळत दिवसाला थोडा थोडा ओढून काढत. मी वाचता वाचता थबकले. हा तर नारू! मराठवाड्यातल्या पायऱ्यांच्या विहिरींवर पाणी भरणाऱ्या पिढ्यांनी हाच दोरा पायातून काढला. माझ्या आजीच्या घोट्यावर त्याचा वण होता. सोव्हिएत काळात बुखाऱ्यातले बहुतेक हौद बुजवले किंवा कोरडे केले, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला नारू संपला. आपल्याकडे शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला, आणि देश नारूमुक्त जाहीर व्हायला २००० साल उजाडलं. या हौदाच्या पायरीवर बसून मी आजीचा वण आठवत होते, आणि निळ्या घुमटांच्या या शहराशी माझं नातं एकदम फार जवळचं झालं.

बुखाऱ्याहून गिजदुवान ४५ किलोमीटरच्या आसपास. कापसाची शेतं, तुतीच्या रांगा, मग एकदम गाव. पर्यटक इथे येतात ते मातीच्या भांड्यांसाठी. इथली झिलई पिवळी-तपकिरी, जमिनीच्या रंगांची. आम्ही आधी अब्दुल खालिक गिजदुवानी यांच्या मजारीवर गेलो. नक्शबंदी परंपरेचे हे आद्य पीर. शेजारी उलुगबेगाने १४३३ साली बांधलेला छोटासा मदरसा आहे, तोच उलुगबेग ज्याने समरकंदच्या वेधशाळेत हजारावर ताऱ्यांच्या जागा मोजल्या. गिजदुवानींनी शिष्यांना दिलेल्या सूत्रांपैकी दोन मला न सांगताच कळली. एक ‘नजर बर कदम’, नजर आपल्या पावलांवर ठेवावी. दुसरं ‘सफर दर वतन’. आपल्याकडे वतन म्हटलं की पाटलाचं, कुलकर्ण्याचं वतन, पिढ्यान्‌पिढ्या न सुटणारं. त्या वतनातल्या वतनात प्रवास करायचा, स्वतःच्या आतल्या आत, असा त्याचा अर्थ लावतात. अशी शिकवण देणाऱ्या गावातला एक माणूस थेट आमच्या खाम नदीच्या काठापर्यंत चालत आला.

मजारीच्या रखवालदाराला मी बाबा मुसाफिरांचं नाव सांगितलं. त्याला ते ठाऊक नव्हतं. आणखी दोघांना विचारलं, त्यांनाही नाही. सव्वातीनशे वर्षं झाली, असणार तरी कसं? पण तिथे उभी असलेली एक मुलगी हिंदीत म्हणाली, ‘आप इंडिया से?’ ती ताश्कंदला हिंदी शिकत होती आणि सुट्टीत मावशीकडे आली होती. पाच मिनिटांत आम्ही तिच्या मावशीच्या अंगणात होतो. असं लगेच आत जायचं नसतं, दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणायचं, हे तोवर आम्ही शिकलो होतो. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून पिशवीत हिमरूची एक शाल होती, ती दिली. ओपांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली आणि न उघडता कपाटावर ठेवली. भेट पाहुण्यासमोर उघडायची नसते. दारापासून सगळ्यात लांबची, भिंतीकडची गादी आम्हाला दिली, कारण मानाची जागा तीच.

अंगणात तंदूर पेटलेला होता. ओपा नोन भाजत होत्या. गोल चेंडू थापून मधला भाग पातळ करायचा आणि त्यावर ‘चेकिच’ मारायचा. चेकिच म्हणजे लाकडी मुठीचा खिळ्यांचा ठसा. त्याची टोकं कणकेत फुलासारखी रुततात आणि मधला भाग फुगत नाही. मग पाठीला मिठाचं पाणी लावून, खांद्यापर्यंत जाड बाही चढवून, ओपा अख्ख्या तंदुरात वाकल्या आणि नोन आतल्या भिंतीला चिकटवला. चेहरा लालबुंद. वर आल्या तेव्हा भुवयांवर पिठाची पूड होती.

पहिला नोन आला. मी तो घेऊन दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर ठेवला, आणि फुलाची बाजू खाली गेली. ओपांचा हात किटलीकडे जाताजाता वळला, नोन सुलटा केला आणि किटलीकडे गेला. चेहऱ्यावर काही नाही, शब्द नाही. नोन पालथा ठेवायचा नाही, त्याला सुरी लावायची नाही, हाताने तोडायचा, जमिनीवर ठेवायचा नाही, पडलेला तुकडा उचलून पाखरांसाठी उंचावर ठेवायचा. पोट भरलेलं असलं तरी एक तुकडा मोडून तोंडात टाकायचाच. हे सगळं मी वाचून गेले होते. माझी आई भाकरीचा तुकडा पडला तर उचलून डोळ्यांना लावते. तरी हातून पालथा ठेवला गेलाच.

जेवताना माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. खिळ्याला पातळ कापडाची पिशवी टांगलेली, आत एक वाळून कडक झालेला नोन, आणि त्याचा कडेचा एक घास खाल्लेला. दातांची खूण स्पष्ट. मी फोन काढला. भाचीने माझ्या मनगटावर अलगद हात ठेवला. मी फोन खाली ठेवला. मग तिने सांगितलं. ओपांचा धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वी बांधकामावर रशियाला गेला. घरातलं कुणी लांब निघालं, सैन्यात किंवा परमुलखात, की उंबऱ्याशी नोनचा एक घास खाऊन जायचं. उरलेला नोन जपून ठेवतात. अन्न अर्धं राहिलंय, ते संपवायला त्याला परत यावंच लागतं.

‘मुसोफिर,’ ओपा त्या पिशवीकडे बघून म्हणाल्या. उझबेक भाषेत मुसोफिर म्हणजे घरापासून लांब असलेला माणूस.

तेव्हा मी त्यांना आमच्या मुसाफिराची गोष्ट सांगितली, भाचीच्या हिंदीतून. या गिजदुवानकडचा एक माणूस, फार वर्षांपूर्वी पायी निघाला, हिंदुस्तानात आमच्या गावी आला, तिथेच राहिला, तिथेच त्याची कबर आहे. ओपांनी हातातलं काम थांबवलं. एकेक प्रश्न विचारू लागल्या. कबरीवर छाया आहे का? आहे, मोठा वड आहे. पाणी आहे? आहे, डोंगरातून आणलेलं, हौद आहे, मुलं माशांना खायला घालतात. तिथे कुणी दुवा मागतं का? मागतात, गुरुवारी मागतात, आणि एरवीही लोक येऊन बसतात. भाकरी मिळायची का त्याला? मी म्हटलं, तिथे पाण्यावर चालणारं जातं होतं, त्याच्या नावाने वाटसरूंसाठी पीठ दळत. हे ऐकून त्यांनी मान हलवली, आणि भाचीला म्हणाल्या, फोटो आहे का विचार.

फोनमध्ये होता. पाऊस सरल्यावरचा, हौद भरलेला, पाण्याचा पडदा कोसळतोय, मागे कबरीची पांढरी भिंत. ओपांनी फोन घेतला, पदरासारखा तो रुमाल डोक्यावर नीट ओढला, फोन दस्तरखानाच्या मध्यावर, नोनशेजारी, उभा टेकवून ठेवला आणि मांडी घालून बसल्या. आम्हीही बसलो. त्यांनी तळवे उघडले आणि हलक्या आवाजात म्हणायला लागल्या. अरबी शब्द, मधेच उझबेक. मला त्यातले दोनच कळले, ‘मुसोफिर’, आणि थोड्या वेळाने पुन्हा ‘मुसोफिर’. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज बसला. फोनचा पडदा विझत होता, तो बहीण मधूनमधून बोटाने जागा करत होती. मग सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले.

‘ओमीन.’

ओपा उठल्या, फोन रुमालाने पुसून माझ्या हातात दिला आणि दस्तरखान आवरायला लागल्या. द्राक्षं उरली होती, नोन उरला होता, पण ओमीन झालं की पुन्हा हात पुढे करायचा नसतो. माझ्या पियाल्यात दोन घोट चहा तसाच राहिला.